बारावी झाली, नर्सिंगला जायचंय. मधलं वर्ष इस्पितळाच्या काउंटरवर काढावं का?

वाळवंटीकाठी
नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतेय. यंदा बारावी विज्ञान झाली, सरकारी नर्सिंगची जागा थोडक्यात हुकली. तिच्या डोक्यात गोव्यातल्या बांबोळीचं सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनच आहे, पुढच्या वर्षी परत प्रयत्न करणार म्हणते. दरम्यान म्हापशाजवळच्या एका खाजगी इस्पितळात नोंदणी आणि बिलिंगच्या काउंटरवर माणसं घेताहेत, तिथून बोलावणं आलंय. पगार बेताचाच. पेशंटला हात लावायचा नाही, समोर कॉम्प्युटर आणि कागद.

घरात दोन तट पडलेत. भावोजी म्हणतात, खिडकीत बसून पावत्याच फाडायच्या तर त्याचा नर्सिंगशी संबंध काय? त्यापेक्षा गोव्याच्या हद्दीपलीकडच्या खाजगी कॉलेजात पैसे भरून याच वर्षी बसवू. ताईचं म्हणणं, पोरीला इस्पितळ आतून कसं असतं ते एकदा कळू दे, मग चार वर्षं घाल म्हणावं. त्यात भर म्हणजे रक्त पाहिलं की पोर पांढरी पडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला ताईचं पटतं, पण कारण विचारलं तर सांगता येत नाही. इथे बरेच जण या क्षेत्रातले आहात म्हणून धागा काढला. कृपा करून 'अनुभव कधी वाया जात नाही' असं लिहू नका. ते वाक्य भावोजींवर वापरून संपलंय.

कुंकळ्येकार
मग मी भावोजींच्या बाजूने सुरुवात करतो.

प्रवेशाची यादी गुणांवर लागते. ते बारावीचे असोत वा प्रवेश परीक्षेचे, काउंटरवर काढलेल्या वर्षासाठी त्यात रकाना नाही. नर्स झाल्यावरही तेच. आखातात किंवा इंग्लंडात जायचं तर विचारतात तो नर्स म्हणून नोंदणी झाल्यानंतरचा अनुभव. म्हणजे कागदावर या कामाचं मोल शून्य. हे मान्य करून पुढे बोलू.

दुसरं, खाजगी इस्पितळांना कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषा बोलणारी बारावी पास मुलगी कमी पगारात हवीच असते. 'तुला नर्सिंगला जायचंय ना, इथे शिकायला मिळेल' हे त्यांचं ठरलेलं गाजर. घरातली एक मुलगी या गाजरामागे गेलेली पाहिलीय. पाळ्या अशा लावल्या की पुस्तक उघडायला वेळ नाही, आणि पुढच्या वर्षीही जागा हुकली.

वाळवंटीकाठी
रागावले नाही, उलट बरं वाटलं. ड्युटी आठ तासांची आणि आठवड्याला सुट्टी, असं तोंडी सांगितलंय. रात्रपाळीचं विचारायचं राहिलं.

माडाची_सावली
मी सरकारी इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले. कुंकळ्येकारांचा पहिला मुद्दा खरा आहे, त्यावर वाद नाही. मी वॉर्डात येणाऱ्या नव्या मुलींविषयी लिहिते.

कॉलेजातून आलेल्या मुलीला बीपी घेता येतं, खाट नीट लावता येते, इंजेक्शन कुठल्या कोनात द्यायचं ते पाठ असतं. ती अडते ती दुपारी. राउंडला डॉक्टर 'आज घरी जा' म्हणून गेलेले असतात आणि चार वाजून गेले तरी पेशंट खाटेवरच. नातेवाईक कपड्यांची पिशवी बांधून बसलेले, दर थोड्या वेळाने एकेक जण येतो, 'सिस्टर, अजून किती वेळ?' नवी मुलगी सांगते, 'बिलिंगला विचारा.' बिलिंगवाले म्हणतात, 'वॉर्डातून फाइलच आली नाही.' माणूस परत वर. असे दोन हेलपाटे झाले की त्याचा आवाज चढतो, आणि मग मुलगी रडायला स्टोअररूममध्ये.

काउंटरवर काम केलेल्या मुलीला या मधल्या तासांत काय चाललंय ते ठाऊक असतं. डॉक्टरांनी तोंडी सोडलं म्हणजे पेशंट सुटत नाही. डिस्चार्ज समरी लिहून सही व्हावी लागते. न वापरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीला परत जाऊन बिलातून वजा व्हावी लागतात. लॅबचा आणि एक्सरेचा शेवटचा आकडा चढावा लागतो. विमा असेल तर हे सगळं जोडून कागद विमा कंपनीकडे किंवा त्यांच्या टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडे, आणि तिकडून होकार येईपर्यंत सगळे बसून. २०२४ साली विमा नियामकाने कॅशलेसमधल्या या शेवटच्या होकाराला तीन तासांची मर्यादा घातली. पण ते घड्याळ सुरू होतं कागद तिकडे पोचल्यावर, त्याआधी किती वेळ गेला ते कोणी मोजत नाही.

आता यात नर्सच्या हातात काय? औषधं परत करणं तिच्याच हातात. समरीसाठी ज्युनियर डॉक्टरच्या मागे लागणं, हेही बहुतेक वेळा तीच करते. राउंड संपल्या संपल्या ही दोन कामं उरकली तर पेशंट जेवायला घरी पोचतो, जेवणानंतर करू म्हटलं तर दिवेलागण होते. कॉलेजात डिस्चार्जची पद्धत शिकवतात, परीक्षेला पाच मार्कांना विचारतातही. पण खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं तोंड पाहिलेली मुलगी वेगळ्या घाईने काम करते. मी तरी असंच पाहिलंय.

फायलींचा_ढीग
मडगावात एका खाजगी इस्पितळाच्या मेडिकल रेकॉर्डमध्ये आहे. सिस्टरांनी शेवटचं टोक सांगितलं, मी पहिलं सांगतो.

नोंदणीच्या खिडकीत होणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणूस तोच आहे ना, याची खात्री. गोव्यात हे वाटतं तितकं सोपं नाही. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार गावडे सापडतील, बापाचं नावही तेच. ख्रिस्ती घरांत आजोबांचं नाव नातवाला. त्यातून जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, मेडिक्लेमच्या कार्डावर तिसरं. घाईत 'जुना नंबर आहे का' न विचारता नवा नंबर काढला की एका माणसाच्या दोन फायली झाल्या. पेनिसिलिनची ॲलर्जी एकीत लिहिलेली, डॉक्टरांसमोर दुसरी.

नर्सिंगच्या पहिल्या धड्यांत असतं की औषध देण्याआधी, रक्त चढवण्याआधी पेशंटची ओळख दोन गोष्टींवरून पटवा, नाव आणि इस्पितळाचा नंबर किंवा जन्मतारीख. खाट नंबर ही ओळख नाही. खाटा बदलतात. विद्यार्थी हे घोकतात. पण ज्याने एकदा दोन फायली एकत्र करण्याचं काम केलंय, कुठला रिपोर्ट कोणाचा हे शोधत टेबलावर कागद पसरून बसलाय, त्याला ते घोकावं लागत नाही. तो आपसूक विचारतो, 'पूर्ण नाव सांगा.' आणि 'तुम्ही अमुक ना?' असं कधीच विचारत नाही, कारण अर्धवट ऐकणारा म्हातारा माणूस कुठल्याही नावाला मान हलवतो.

रेकॉर्डमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसं आहे. भांडण कोर्टात गेलं की फाइल बाहेर निघते. मग सगळ्यांच्या नजरा नर्सेस नोट्सवर. डॉक्टर दिवसातून एकदा दोनदा लिहितो, नर्स पाळीभर लिहिते. रात्री दोन ते पाच जागा कोरी असेल तर त्या वेळात पेशंटकडे कोणी फिरकलंच नाही, असं म्हणायला समोरचा वकील मोकळा. आमच्याकडे काम करून नंतर नर्सिंगला गेलेल्या एका मुलीच्या नोट्स मी ओळखू शकतो. वेळ, काय पाहिलं, कोणाला कळवलं, सही. पाल्हाळ नाही.

(अवांतर: डॉक्टरांच्या अक्षरावर वेगळा धागा काढू.)

तेरेखोलपलीकडचा
मी सावंतवाडीकडचा, इस्पितळात नोकरी नाही, वडिलांना घेऊन गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, खेपा घातलेला माणूस. आमच्या भागातून गंभीर पेशंट बांबोळीला न्यायचा, हे वर्षानुवर्षांचं. २०१८ च्या सुरुवातीपासून गोव्याबाहेरच्या पेशंटांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हापासून कुठला कागद न्यायचा, कुठली योजना कुठे चालते, हा प्रश्न घरून निघतानाच सुरू होतो.

मला उपचारांतलं काही कळत नाही. पण एका खिडकीवरच्या मुलीने वडिलांशी मालवणीत बोलून, 'आजोबा, आधी हो कागद थंय दाखवा, मगे एक्सरे, मगे परत माझ्याकडे येवा' असा क्रम एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. वडील त्यानंतर घाबरले नाहीत. डॉक्टर कोण होते ते त्यांना आठवत नाही, ती चिठ्ठी मात्र पाकिटात होती. भाचीला इतकं जरी जमलं तरी पुढे तिच्या पेशंटांचं भलं होईल.

कुंकळ्येकार
चिठ्ठीचं आवडलं. पण चांगली रिसेप्शनिस्ट आणि चांगली नर्स यांत फरक आहे. गोड बोलणं म्हणजे नर्सिंग, हा समज आधीच लोकांत फार आहे. त्याला खतपाणी नको.

नवी_सिस्टर
मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि मधलं वर्ष मीही काढलंय. म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते :)

सुरुवातीला मलाही काउंटरच दिलं होतं. नंतर माणसं कमी पडली म्हणून सीएसएसडीत टाकलं, म्हणजे जिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, बांधून, निर्जंतुक करून परत पाठवतात तो विभाग. आई म्हणाली, भांडी घासायला गेलीस का. पण मला विचाराल तर काउंटरपेक्षा तिथे जास्त मिळालं.

हत्यारं आधी धुवायची, कारण रक्त वाळून चिकटलं असेल तर त्याखाली वाफ पोचत नाही. सांधे उघडे ठेवूनच बांधायची, चिमटा बंद ठेवला तर दातांमध्ये काय राहिलं ते देव जाणे. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेचं मशीन, १२१ अंश किंवा १३४ अंश, तापमानाप्रमाणे वेळ. वर लावलेल्या टेपवर काळे पट्टे उमटले की सगळे समजतात, झालं. पण त्या पट्ट्यांवरून इतकंच कळतं की पॅक मशीनमधून जाऊन आला. आतपर्यंत वाफ पोचली की नाही ते आत ठेवलेल्या इंडिकेटरवरून कळतं. म्हणून वॉर्डात पॅक उघडताना मी आधी आतली पट्टी बघते, आणि पॅक ओला लागला तर वापरत नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. वर्गात हे शिकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते मशीन होतं.

कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या नियमांतले रंग सगळ्यांना परीक्षेपुरते येतात. रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये, सुया आणि ब्लेड पांढऱ्या भोक न पडणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. पण लाल पिशवीत एक सुई चुकून गेली तर ती कोणाच्या हातात घुसते? पिशवी बांधणाऱ्या मावशीच्या. त्या मावशींबरोबर डबा खाल्लेल्या मुलीचा हात सुई टाकताना आपोआप डब्याकडे जातो.

आता वाईट बाजू. 'तुला नर्सिंगलाच जायचंय ना, मग जरा ते सलाइन बंद कर, कॅथेटरची पिशवी रिकामी कर' असं मलाही सांगितलं गेलं. मी केलं नाही, इन्चार्ज नाराज झाल्या. प्रशिक्षण नसताना पेशंटला हात लावणं हा पेशंटवर अन्याय आहे, आणि काही बिघडलं तर तुमचं नाव पुढे करून सगळे हात झटकतात. भाचीला हे आजच सांगून ठेवा. कोणी प्रेमाने सांगितलं तरी नाही म्हणायचं.

आणि काउंटरवरचा कॉम्प्युटरही वाया जाणार नाही. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी आरोग्य माहिती-तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विषय आहे. इस्पितळाची सिस्टीम कधीच न पाहिलेल्या पोरींना तो रुक्ष वाटतो.

माडाची_सावली
बाय, नाही म्हणालीस ते योग्य केलंस. आमच्या वेळी वरिष्ठांना असं बोलायची सोय नव्हती.

वाळवंटीकाठी, रक्ताचं राहिलं. काउंटरवर रक्त दिसत नाही, तेव्हा ती भीती तिथे जाईल ही आशा सोडा. त्यापेक्षा तिला एखाद्या रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मदतीला बसवा. फॉर्म भरून घ्यायचा, वय १८ च्या वर आहे का, वजन किमान ४५ किलो आहे का ते विचारायचं, नंतर सरबत आणि बिस्किटं द्यायची. टेबलावरून सुई टोचलेली दिसते, पण आपल्याला टोचायची नसते. थोड्या अंतरावरून रोज बघून पुष्कळांची भीड चेपते. शिबिरात एखादा धडधाकट तरुणही चक्कर येऊन आडवा होतो, त्याचे पाय उंच केले की थोड्या वेळात उठून हसतो, हे तिने बघावं. चक्कर येणं म्हणजे मन कच्चं असणं नव्हे. आमच्या बॅचमधली पहिल्या ऑपरेशनला कोसळलेली मुलगी पुढे थिएटर सिस्टर म्हणूनच निवृत्त झाली.

आणि शिबिरं पाहूनही तिला वाटलं की हे माझं काम नाही, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. दुसऱ्या वर्षाला गळणाऱ्या मुली मी पाहिल्यात. फी गेलेली, घरच्यांशी बोलणं बंद.

चिखलकाला
इंग्लंडातून लिहितोय, इथे वॉर्डात स्टाफ नर्स आहे, शिक्षण गोव्यातलंच. कुंकळ्येकारांच्या एका मुद्द्याला पुरवणी. भारतात शिकून इथे येणाऱ्या नर्सला काउंटरचा अनुभव उपयोगाचा नाही, बरोबर. पण आपल्याकडची पोर्तुगीज पासपोर्टवाली कितीतरी कुटुंबं इथे आहेत आणि त्यांची मुलं इथल्याच विद्यापीठात नर्सिंगला अर्ज करतात. तिथे गुणांबरोबर मुलाखत असते, आणि 'माणसांची काळजी घेण्याचा कसला अनुभव आहे' हा प्रश्न हमखास येतो. वृद्धाश्रमात चहा दिला, इस्पितळाच्या दारात रस्ता दाखवायला उभा राहिलो, हेही चालतं. मात्र त्यातून काय लक्षात आलं ते सांगता यावं लागतं. नुसतं प्रमाणपत्र पुढे केलं की पुढचा प्रश्न येतोच.

पात्र नर्स व्हायला इथे २३०० तास प्रत्यक्ष कामाचे भरावे लागतात, आणि त्यात आधीच्या काउंटरचा एक तासही धरत नाहीत. म्हणजे अनुभव दार उघडायला चालतो, आत गेल्यावर सुरुवात सगळ्यांची सारखी.

फायलींचा_ढीग
एक गंभीर गोष्ट कोणीच लिहिली नाही. गुप्तता.

गोवा केवढा! काउंटरवर बसलेल्या मुलीसमोर पहिल्याच आठवड्यात शेजारचा, शाळेतली बाई, वर्गातल्या मैत्रिणीची आई येणार. कोणाची सोनोग्राफी, कोणाची एचआयव्हीची चाचणी, कोणाला मानसोपचाराच्या ओपीडीचा कागद. संध्याकाळी घरी आई सहज विचारते, 'आज कोण कोण आलं होतं गे?' त्यावर उत्तर एकच, 'पुष्कळ लोक आले होते.' एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने गुप्ततेची सक्ती आहे, पण साध्या मुळव्याधीचं झालं तरी ते त्या माणसाचं आहे.

अठरा वर्षांच्या मुलीला हे सांभाळणं जड जातं. आमच्याकडे नव्याने आलेल्यांना सगळ्यात अवघड तेच जातं, कॉम्प्युटर तर आठवड्यात येतो. वॉर्डात जाण्याआधी वर्षभर ही सवय लागली तर मी म्हणेन वर्ष वसूल. मैत्रिणीची आई बाजारात भेटली तर तिने विषय काढल्याशिवाय 'आता कसं वाटतंय' असंही विचारायचं नाही. तिच्या घरी ठाऊक नसेल तर?

वाळवंटीकाठी
हे भाचीला वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, 'म्हणजे आईलाही नाही सांगायचं?' ताई म्हणाली, मी विचारणारच. आता बघू कोण जिंकतं.

तेरेखोलपलीकडचा
ताई हरणार असं दिसतंय.

कुंकळ्येकार
ठीक आहे, माझा विरोध थोडा सैल करतो, सोडत नाही. घालायचंच असेल तर हे करून मग घाला.

नेमणूकपत्र हातात घ्या. त्यात पद, पाळी, सुट्टी आणि काम काय ते लिहिलेलं हवं. 'सांगतील ते काम' असं वाक्य असेल तर खोडून घ्या, नवी_सिस्टरने लिहिलेला प्रकार तिथूनच सुरू होतो. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागतो का ते विचारा. लैंगिक छळाची तक्रार करायला अंतर्गत समिती आहे का तेही विचारा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्याने ती असावीच लागते. हा प्रश्न बापाने नाही, मुलीने स्वतः विचारावा, समोरच्याचा चेहरा बघायला मिळतो.

मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या. नोकरी सोडताना मार्कशीटसाठी खेटे घालणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत.

पूर्ण वर्ष नको, परीक्षेआधीचे तीन-चार महिने मोकळे ठेवा. नोकरी धरतानाच तसं सांगा, शेवटी सांगितलं तर सोडत नाहीत. ध्येय प्रवेश आहे, काउंटर नाही.

आणि भावोजींच्या पर्यायाबद्दल: हद्दीपलीकडची सगळी कॉलेजं वाईट नाहीत. पण पैसे भरण्याआधी त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता, भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत नाव, आणि तिथली पदवी घेऊन गोव्याच्या कौन्सिलात नोंदणी होते का, ही तिन्ही उत्तरं लेखी मिळवा. एजंटाच्या तोंडी हमीवर जाऊ नका. त्या कॉलेजाला जोडलेलं इस्पितळ स्वतः जाऊन पाहा, खाटांवर पेशंट आहेत का ते बघा. पेशंटच नसतील तर शिकणार कोणावर?

माडाची_सावली
शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर.

एक जोड. ज्या इस्पितळात जाणार तिथे दीनदयाळ योजनेचं कार्ड चालतं का ते विचारा. २०१६ पासूनची ही गोव्याची आरोग्यविमा योजना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण. कार्ड चालत असेल तर भाचीला रोज लोकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील, कार्ड नवं केलं का, कुटुंबातल्या कोणाचं नाव राहिलं, हा उपचार यात बसतो का. वॉर्डात रात्री पेशंटची बायको नर्सलाच विचारते, 'बाय, खर्च किती येतलो?' तेव्हा 'सकाळी ऑफिसात विचारा' म्हणण्यापलीकडे दोन शब्द सांगता आले तर त्या बाईला झोप लागते.

वाळवंटीकाठी
सगळ्यांचे आभार. काल ताई आणि भाची जाऊन आल्या, मी सोबत होते. कुंकळ्येकारांचे प्रश्न भाचीनेच विचारले, कागदावर लिहून नेले होते. एचआरवाल्या बाई आधी चपापल्या, मग म्हणाल्या, असं कोणी विचारत नाही. समितीचं नाव-पत्त्यासह पत्रक भिंतीवर लावलेलं दाखवलं. रात्रपाळी पहिले सहा महिने नाही. 'सांगतील ते काम' हे वाक्य खरंच होतं, त्या जागी 'नोंदणी, बिलिंग व रेकॉर्ड' असं लिहून दिलं. सीएसएसडीत काही दिवस बसता येईल का, असंही तिने विचारलं. त्यावर 'बघू' म्हणाल्या.

जानेवारीअखेरपर्यंत नोकरी, मग अभ्यास, असं ठरलं. भावोजींनी धागा पूर्ण वाचला. मत बदललं असं काही म्हणाले नाहीत, पण त्या खाजगी कॉलेजाच्या एजंटाला फोन करून खाटांचं विचारलं. त्याने विषय बदलला म्हणे.

एकच शंका राहिली. रुजू होण्याआधी लस घ्यायला सांगितलीय, हिपॅटायटिस बीची. काउंटरवर बसणाऱ्याला ती कशाला?

नवी_सिस्टर
घेऊच दे. काउंटरवरही उलटी झालेला, रक्त वाहणारा माणूस येतो, रुमालात गुंडाळलेलं बोट पुढे करतो. आणि सीएसएसडीचं 'बघू' खरं झालं तर लस लागणारच, कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांत इस्पितळावर टाकलेली आहे. तेव्हा खर्च ते करतात का, हे आधी विचारा.

तीन डोस असतात. आज पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी घेतली असेल तर जुनं कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा, ते काय करायचं सांगतील. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या का ते तपासून घेतात. तो रिपोर्ट आणि लशीचं कार्ड फाइलीत जपून ठेवा, नर्सिंगला गेल्यावर परत मागतात. आत्ता सुरू केलं तर पहिल्या पोस्टिंगआधी सगळं पूर्ण झालेलं असेल.